काविळीचा डाग

सकाळपासून केराबाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मेंढरांचं वाडगं झाडता झाडता ती चारदा घरात डोकावून आली. सून सृष्टी भिंतीकडे तोंड करून पडली होती. कोरोनाचा ताप उतरून आठवडा झाला, खोकलाही कमी झाला. पण आता तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पोटात पाणी ठरत नव्हतं. मुलगा बिरुदेव मेंढरं घेऊन दूर मुलखात गेलेला.

नवरा येडू काविळीवर तापल्या सळईचा डाग देणाऱ्या सिद्धलिंगप्पाला घेऊनच आला. चुलीत सळई तापायला लागली.

"सुनंचे हात धर," येडू म्हणाला.

केराबाई जागची हलली नाही. बावीस वर्षांपूर्वी तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला, तुळसालाही अशीच कावीळ झाली होती. डाग चिघळला, सहाव्या दिवशी पोर गेली. 'कावीळ लई चढली हुती,' असं सगळे म्हणाले. केराबाईही तेच म्हणत आली.

"मी न्हाय धरत."

"काय म्हनलीस?"

"तुळसाचे धरले हुते की. 'आये, सोड' म्हनत हुती लेकरू. म्या सोडलं न्हाय."

"अव्वा, आज्यापासनं चालत आलंय हे," सिद्धलिंगप्पा म्हणाला.

केराबाईनं घागर उचलून चुलीत उपडी केली. राख उसळली. कुणाकडे न बघता तिनं सृष्टीला उठवलं आणि रिक्षात घातलं.

शहरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टर यास्मीननं रक्ताचे रिपोर्ट बघून विचारलं, "तापाच्या गोळ्या किती दिल्या?"

"ताप चढंल तवा. दिसाला धा-बारा."

"मावशी, हा कोरोनाचा विषाणू श्वासातून शिरतो, पण त्याचा त्रास फुप्फुसापुरता राहतोच असं नाही. अंगातली सूज यकृतालाही बाधते, म्हणजे लिव्हरला. त्यात एवढ्या गोळ्यांचा मारा. वेळेवर आणलंत."

"डागलं असतं तर?"

"जखम झाली असती, आणि दिवस वाया गेले असते. तेवढे दिवस हिच्याकडे नव्हते."

उघड्या दाराबाहेरच्या बाकावर येडू येऊन बसला होता. त्यानं सगळं ऐकलं.

तीन आठवड्यांनी सृष्टीचे डोळे निवळले. त्याच सुमारास वस्तीत भीमाच्या पोराला कावीळ झाली आणि सिद्धलिंगप्पाला सांगावा गेला. केराबाई हातातलं काम टाकून निघाली. "दुसऱ्याच्या घरात आपन कशाला पडायचं?" असं येडू म्हणेल, असं वाटून ती उंबऱ्यात क्षणभर थांबली.

येडूनं पायात चपला सरकवल्या. "तू हो म्होरं," तो म्हणाला, "मी रिक्षा घिऊन येतो."