चकतीवर पळणारी गाडी

बंद पडलेल्या कारखान्यामागे सिमेंटचं एक लांबलचक मैदान आहे. एके काळी तिथे ट्रक रांगेने उभे असायचे. त्या रविवारी सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. लोक कुंपणाच्या भिंतीवर बसले होते, माल चढवायच्या ओट्यावर उभे होते. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला होत्या. तिकडे पांढरे बूट, पांढरा सदरा आणि कॉलरला माइक अशा थाटात गतिगुरू उभे होते.

"मी बाबा नाही, बुवा नाही," ते म्हणाले. "मी साधा संशोधक आहे."

अशी सुरुवात ऐकली की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. माझं चष्म्यांचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं यावरच माझं पोट चालतं, म्हणून मी जरा जास्तच बघतो.

गुरूंनी तांब्याची एक चकती उंच धरली. "प्रत्येक इंजिनाला नाडी असते. ती कोंडली की गाडी तडफडते. ही चकती आकाशातल्या लहरी खेचते, गाळते आणि नाडीत सोडते."

"चहासारख्या गाळते का हो?" माझ्या बायकोने माझ्या कानात विचारलं. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. पलीकडे उभ्या असलेल्या माझ्या आईने आम्हा दोघांकडे डोळे वटारून पाहिलं.

प्रयोगासाठी गर्दीतलीच गाडी हवी होती. मी माझी गाडी पुढे केली. गुरूंनी तिच्या बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली. "हिचा आत्मा थकलाय." आत्म्याचं मला माहीत नाही, पण तिचा क्लच थकलेला होता हे खरं. मग त्यांची नजर माझ्या भावोजींच्या गाडीवर गेली. बहिणीपेक्षा त्या गाडीवर भावोजींचा जीव जास्त, असं आमच्या घरात उघड बोललं जातं. दिसायला लहानखुरी, लाल, पण बॉनेटखाली दांडगं इंजिन. गुरू म्हणाले, "हिच्यात तरुण रक्त आहे." भावोजींची छाती इंचभर फुगली.

गाडी चालवायला गुरूंचा चेला बसला. काळा चष्मा, तोंडातून अक्षर नाही. त्याने म्हणे मौन धरलं होतं. त्याने डॅशबोर्डवर एक काळं कापड अंथरलं. बाहेरची किरणं आत शिरू नयेत म्हणून, असं गुरूंनी सांगितलं.

पहिली धाव चकतीशिवाय. मोबाइल उपग्रहावरून वेग मोजत होता आणि आकडे मोठ्या पडद्यावर उमटत होते. चेल्याने पाय दाबला. पुढची चाकं किंचाळली, रबराचा धूर निघाला, गाडी जागच्या जागी थरथरली आणि मग कशीबशी सुटली. ताशी शंभरचा वेग गाठायला तिला नऊ सेकंद लागले.

"पाहिलंत? तडफड पाहिलीत तिची?" गुरूंनी विचारलं.

गाडी परत आली. गुरूंनी ती बंद करायला लावली. "तिला एक श्वास घेऊ द्या." सगळं मैदान श्वास रोखून त्या गाडीचा श्वास पाहत राहिलं. मग गुरूंनी स्वतः चकती काचेच्या आत चिकटवली, चेल्याने गाडी सुरू केली आणि पाय दाबला. ना धूर, ना किंचाळणं. गाडी सरळ रेषेत सुसाट गेली. पडद्यावर सात सेकंद.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. भावोजींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मात्र टाळी वाजवली नाही. गाडी आमची, पडदा सगळ्यांसमोर, चेल्याने दोन धावांच्या मध्ये किल्लीशिवाय कशालाही हात लावला नव्हता. खोट कुठे काढायची?

गुरूंनी शेवटी खरा गळ टाकला. "यंत्राला जे जमतं ते शरीराला का जमू नये? हृदय म्हणजे तरी काय? एक पंपच." त्या दिवशी गाड्यांपेक्षा माणसांसाठीच जास्त चकत्या खपल्या. एक आमच्या आईच्या उशीखाली आली.

चारेक दिवसांनी माझ्या लक्षात आलं की रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं आहे.

"आई, गोळी घेतली नाहीस?"

"चकती आहे ना."

"अगं, ते सगळे मनाचे खेळ असतात."

आई शांतपणे भाजी निवडत राहिली. "हे तू नेहमीच म्हणतोस. कुणी पाणी फुंकून दिलं की माणसाला बरं वाटतं, कारण त्याला तसं वाटून घ्यायचं असतं. पटलं मला. मग आता सांग, गाडीला काय वाटून घ्यायचं असतं? तिला कुठे मन आहे?"

मी आवाज चढवला, म्हणजे उत्तर नसलेली माणसं जे करतात तेच केलं. आईने तितक्याच शांतपणे भाजी आत नेली.

पुढच्या आठवड्यात ती जिना चढताना मध्येच खाली बसली. कठडा घट्ट धरून. चेहरा पांढराफटक. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधून दाब मोजला, मग पुन्हा मोजला. "आजी, आजच्या आज गोळी सुरू करा. उद्यावर टाकू नका."

"बघते," आई म्हणाली. आईचं 'बघते' म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

घरी आल्यावर मी आईशी पुन्हा भांडायला निघालो, तर बायकोने माझी बाही धरली. "वाद घालू नका. आईंचा मुद्दा बरोबर आहे. गाडीला मन नसतं. म्हणजे कारण गाडीतच असणार. शोधू या."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती, मी आणि कुरकुरणारे भावोजी त्याच मैदानावर गेलो. भावोजींनी स्वतः विकत घेतलेली चकती लावून धाव घेतली. मोबाइलवर सात सेकंद. मग चकती काढून धाव घेतली. पुन्हा सातच.

"लहरी अजून गाडीत साठलेल्या असतील," भावोजी म्हणाले.

"असतील. रात्रभर काढून ठेवू या का?" बायको इतक्या साळसूदपणे म्हणाली की ते थट्टा ओळखू शकले नाहीत. मग ती मैदानात फिरायला लागली. जिथून धाव सुरू होते तिथे ती वाकली. सिमेंटवर काळ्या रबराचे दोन जाड पट्टे उमटले होते.

"आपण वेड्यासारखे दुसऱ्या धावेकडे बघतोय," ती म्हणाली. "दुसरी धाव तर साधीच आहे. ही गाडी अशीच पळते. चमत्कार पहिल्या धावेत आहे. चांगली गाडी त्याने मुद्दाम हळू कशी केली?"

ती चालकाच्या जागेवर बसली आणि एकेक बटण न्याहाळायला लागली. एका बटणावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र होतं, गाडीमागे नागमोडी रेघा.

"भावोजी, हे कशाचं?"

"मी कधी दाबलं नाही. कशाला उगाच छेडायचं?"

बायकोने छेडलं. समोर एक पिवळा दिवा लागला. तिने पाय पूर्ण दाबला आणि गाडीने तेच सगळं नाटक केलं. किंचाळणं, धूर, थरथर. मोबाइलवर नऊ सेकंद. भावोजी टायरकडे बघून कळवळले. तिने गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. पिवळा दिवा गेलेला होता.

ती स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. "हा बघा तिचा श्वास."

त्यानंतरच्या रविवारी मैदान आणखी भरलेलं होतं. आम्ही आईलाही घेऊन गेलो. तिला आदल्या दिवसापासून चक्कर येत होती, पण गुरूंचं नाव काढताच ती तयार झाली. गुरूंनी भावोजींची गाडी लगेच ओळखली. पहिली धाव झाली, धूर झाला, तडफड झाली. मग बायको पदर सावरत पुढे झाली.

"गुरुजी, आज चकती मी लावू का? लाल फडक्यात बांधून आणलीय."

इतका भक्तिभाव पाहून गुरू विरघळले. तिने पुरचुंडी काचेला चिकटवली. गाडीने श्वास घेतला, धाव घेतली, सात सेकंद, टाळ्या. टाळ्या थांबल्यावर बायकोने सगळ्यांसमोर फडकं सोडलं. आत एक बिस्किट होतं.

हशा पिकला. गुरू मात्र डगमगले नाहीत. असे लोक इतक्यात डगमगत नाहीत. "हीच तर सिद्धी," ते म्हणाले. "माझी दृष्टी पडली आणि बिस्किटात ऊर्जा उतरली." माझ्या शेजारच्या गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं, "कुठल्या कंपनीचं होतं हो?"

मला घाम फुटला. बायकोला नाही. ती आईकडे गेली. "आई, तुम्ही माझ्या शेजारी बसाल?"

आईला तिने गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला आणि स्वतः चालकाच्या जागेवर बसली. डॅशबोर्डवरचं काळं कापड तिने ओढून काढलं. गुरू म्हणाले, "किरणं आत शिरतील." ती म्हणाली, "शिरू देत. मला उजेडातच वाचता येतं."

मग तिने गुरूंच्या हातातली खरी चकती मागून घेतली आणि काचेला लावली. "आता गुरुजींची चकती आहे, त्यांची दृष्टीही आहे. आई, ते चित्राचं बटण जरा दाबून धरा."

आईने बटण दाबलं. पिवळा दिवा लागला. बायकोने पाय दाबला. गाडी किंचाळली, धूर उठला, सगळी गर्दी खोकली. नऊच्याही वर. परत आल्यावर तिने गाडी बंद करून सुरू केली, आईला चकती काढायला सांगितलं आणि ती खिडकीतून गुरूंच्या हातात परत दिली. दिवा विझलेला होता. गाडी मुकाट्याने सुसाट गेली. सात.

मग पुन्हा बटण, पुन्हा धूर. तिसऱ्या खेपेला मात्र तिने पाय इतका जोरात दाबला की मौनी चेल्याला राहवेना.

"अहो बाई, टायर फाटतील. एवढा पाय नका देऊ."

गुरूंनी चेल्याकडे पाहिलं. चेला आपल्या बुटांकडे पाहत होता.

"तुम्ही किती देता?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"पूर्ण देतो," तो पुटपुटला. "पण एकदाच. धुरापुरता."

मग बायको गाडीतून उतरली आणि वर्गात बोलते तशी बोलली. "मोजे घालून गुळगुळीत फरशीवर एकदम धावायला गेलात तर पाय जागीच घसरतात, होय ना? या गाडीचं तसंच आहे. इंजिनात जोर इतका की चाकं रस्ता धरत नाहीत, नुसती फिरतात. म्हणून तिच्यात एक यंत्रणा असते. चाक घसरलं की ती जोर कमी करते आणि चाकाला पकड मिळते. या बटणाने ती बंद होते. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की ती आपोआप चालू होते. पहिल्या धावेआधी बटण दाबायचं, दिव्यावर कापड टाकायचं, मग गाडीला श्वास घेऊ द्यायचा. झाला चमत्कार. कसलेला चालक ही यंत्रणा बंद ठेवूनही झकास गाडी काढेल. पण यांना ती झकास काढायचीच नव्हती. आणि माझ्या यजमानांच्या गाडीचा आत्मा थकलेला नाही. तिच्यात चाकं घसरवण्याएवढा जोरच नाही."

एवढ्या लोकांसमोर माझ्या गाडीची अब्रू गेली, पण मी ते सोसलं. गर्दीतून कोणीतरी गुरूंना विचारलं, "आता आमच्या गाडीवर दाखवा, बटण आमच्या हातात." गुरू म्हणाले, आज लहरी अनुकूल नाहीत. त्यावर जे हसू उसळलं, त्यात ते आणि त्यांचा पांढरा सदरा कधी निघून गेले ते कळलंही नाही. चेला मागे राहिला. भावोजींना टायरबद्दल सॉरी म्हणून गेला.

आई गाडीतच बसून होती. मी दार उघडलं.

"मी म्हणाले होते ना, गाडीला मन नसतं. ती खोटं बोलत नाही," ती म्हणाली.

"खरंच नाही बोलली, आई," बायको म्हणाली. "खोटं तिला चालवणारा बोलला."

तिथून आम्ही थेट डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आईने पट्टा बांधून घेतला आणि मग त्यांना गोळीचं पाकीट दाखवून विचारलं, "याची तरी परीक्षा कोणी घेतलीय का? का हीही चकतीच?"

मला लाज वाटली, पण डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी सांगितलं की अर्ध्या लोकांना खरी गोळी देतात, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कुठली मिळाली हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि देणाऱ्यालाही. मग सगळ्यांचा दाब मोजतात.

"म्हणजे बटण कोणाच्याच हातात नसतं," आई म्हणाली.

"नसतं. म्हणून विश्वास ठेवता येतो. आणि शंका आली तर पुन्हा विचारा."

आईने पाणी मागितलं आणि तिथेच गोळी घेतली.

वाचकहो, माझी आई भोळी नव्हती. तिने रास्त प्रश्न विचारला होता, आणि मी उत्तर शोधण्याऐवजी तिच्यावर ओरडलो होतो. आपल्या घरातलं कोणी असं कशाला भुललं तर हसू नका, ओरडू नका. त्यांच्या शेजारी बसा. चमत्काराच्या आधी काय केलं होतं ते शोधा, झाकलेलं कापड उचला, आणि बटण त्यांना स्वतःच्या हाताने दाबू द्या.