ओढ शून्य धरून

"हलू नको गं सानू, झालंच."

चार वर्षांच्या सानवीच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूवर रेणुकाने पारदर्शक प्लास्टिकचा स्वच्छ पुसलेला तुकडा धरला आणि भाजल्याच्या जखमेच्या कडेकडेने पेन फिरवलं. अंगणात सासूबाई कोकमाची सोलं उन्हात पसरत होत्या.

"परत मोजत्येस? मोजून काय लवकर भरणार हाय ती?"

"भरत्येय, आई. बघा ना."

खिडकीच्या काचेवर आधीचे तुकडे चिकटवलेले होते. प्रत्येक आकार आधीच्यापेक्षा लहान, ओहोटीचं पाणी उतरताना पुळणीवर रेघा ठेवून जातं तसे.

शिमग्याच्या गडबडीत कुळथाच्या उकळत्या पिठीचं पातेलं सानवीच्या हातावर लवंडलं होतं. पाणी असतं तर ओघळून गेलं असतं; पिठी चिकटून बसली. रेणुका तिथेच होती, पण पाठमोरी. तेव्हापासून पोरीवरची नजर तिने काढली नव्हती.

एमएस्सीचा तिचा प्रकल्प नेमका जखम कशी मिटते याच्या गणितावर होता. सरांनीच दिलेला विषय, तेव्हा तिला हसू आलं होतं. जखम दोन वाटांनी मिटते: कडेने नवी त्वचा सरकत येते, आणि खालचं मांस कडांना आत ओढून घेतं. दोन्ही धरलं तर समीकरण सुटेना. सर म्हणाले, "ओढ शून्य धरा. सोयीसाठी." तिने धरली. आलेख सुरेख आला, पहिला वर्ग मिळाला, मग लग्न झालं.

आता त्याच आलेखाशेजारी ती सानवीची जखम मांडत होती, आणि जखम आलेखाच्याही पुढे धावत होती.

मुंबईहून नवऱ्याचा, प्रमोदचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "काय म्हणतंय तुमचं गणित, मॅडम?"

"धरलं होतं त्याच्या आधी भरणार."

"बघ! उगाच जीव टांगून बसतेस."

दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या समीक्षा मॅडमनी हात ताठ राहावा म्हणून एक कडक पट्टी दिली होती. झोपेतसुद्धा काढायची नाही, असं बजावलं होतं. पट्टी बांधली की सानवी रडून रडून निळी पडायची.

"सोड गो ती," एका दुपारी सासूबाई कळवळल्या. "कोंबडीचे पाय बांधावेत तशी बांधून ठेवल्येस पोरीला. भरत्येय ना जखम?"

रेणुकाने काचेकडे पाहिलं. भरत होती. तिने पट्टी सोडली. मग रोजच सुटत गेली. पुढची तपासणीही राहिली. उन्हाचं कुठे न्यायचं पोरीला? सानवी हात पोटाशी दुमडून शांत झोपू लागली.

एका सकाळी प्लास्टिकवर काढायला रेघच उरली नाही. रेणुकाने तो कोरा तुकडा हसत हसत सगळ्यांच्या शेवटी चिकटवला. सासूबाई साखर घेऊन आल्या. सानवीने डावा हात पुढे केला.

"उजवा कर, बाय."

सानवीने उजवा केला, पण तो पुढे आला नाही. आजीच जराशी पुढे सरकली. रेणुका तेव्हा खिडकीकडे बघत होती.

दवाखान्यात समीक्षा मॅडमनी कोपरावरून बोट फिरवलं. "छान भरलीय की! आता हात सरळ करून माझं नाक पकड बघू."

हात अर्ध्यावर अडला. कोपरातली लाल, चकचकीत कातडी दोरीसारखी वर उठली. मॅडमनी हात हळूच ताणून पाहिला, सानवी किंचाळली.

"पट्टी बांधत होतात ना?"

"मी सोडायची," सासूबाई चटकन म्हणाल्या. "ही आंघोळीला गेली की मी सोडायची. हिला नाय ठाऊक."

रेणुका त्यांच्याकडे बघतच राहिली. सासूबाई मात्र पदराचं टोक पिळत जमिनीकडे बघत होत्या.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मीच सोडली पहिल्यांदा. जखम लहान होत होती, मॅडम. मी रोज मोजत होते."

"लहान होणारच. आजूबाजूची कातडी आत ओढून लहान झाली ती." मॅडमचा आवाज मऊ झाला. "व्यायाम सुरू करू. पण ऑपरेशन लागेल असं दिसतंय. आणि ही वाढेल तसं कदाचित पुन्हाही. अंग वाढतं, ही कातडी तेवढी वाढत नाही."

"शून्य धरली होती," रेणुका पुटपुटली.

"काय?"

"काही नाही."

बाहेर ऊन रणरणत होतं. रस्ता ओलांडायच्या आधी सानवीने नेहमीसारखा उजवा हात आईकडे वर केला. तो पोचेना.

"हिकडचा दे, बाय," आजी म्हणाली.

"नको. हाच."

रेणुका वाकली. तो हात होता तिथेच तिने धरला, आणि तशीच वाकून, लेकीच्या पावलांनी, स्टँडकडे चालू लागली.