बिननावाची गाणी

"नाई बाई, त्याले हात नका लावू." रंजीतानं माउस चटकन आपल्याकडे ओढला. "हे डिस्क फॉरमॅट करू का म्हनून विचारून राह्यलं. हो म्हटलं का सारं गेलंच समजा."

सुगंधाबाईंनी हात मागे घेतला. शेजारी मुखरूभाऊ गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळून बसले होते. नागपूरला घशाचं ऑपरेशन झालं, त्यात जीव वाचला आणि आवाज गेला. आता बोलताना नुसते ओठ हलत. काय म्हणतात ते फक्त सुगंधाबाईंना कळे.

सावली गावाजवळ त्यांची धानाची शेती. पण दिवाळी झाली की होळीपर्यंत मुखरूभाऊ बांधावर सापडत नसत. झाडीपट्टीत गावोगावी नाटकं लागत आणि ते नाटकात गात. राजाचं काम त्यांना कधी मिळालं नाही. फकीर, नावाडी, वाटसरू, असा एका प्रवेशात येऊन एक गाणं म्हणून जाणारा माणूस. पण त्या एका गाण्यासाठी लोक झोपलेल्या पोरांना हलवून उठवत. मुलानं, आदेशनं, ती गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून या हार्ड डिस्कमध्ये भरून ठेवली होती. पुढे तो हैदराबादला कामाला गेला, मोबाइलही बदलले. परवा घर रंगवताना डिस्क फळीवरून खाली पडली.

"ह्यायचा आवाज यातच हाये जी," सुगंधाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुठीच नाई."

ब्रह्मपुरीच्या स्टँडजवळच्या या दुकानात रंजीताकडे रोज बंद पडलेले कॉम्प्युटर येत. पण हे ऐकून तिनं बाकीची कामं बाजूला सारली.

"पडलेली डिस्क हाये. किती वेळ चालन, सांगता येत नाई," ती म्हणाली. "आधी जशीच्या तशी नक्कल उतरवून घेतो. मंग शोधू."

नक्कल सुरू झाली आणि लगेच थांबली. रंजीतानं केबल बदलली. पुन्हा सुरू झाली. डिस्क तापली, तेव्हा तिनं कूलर ओढून तिच्यासमोर आणला. काही भाग वाचताच येईना, तो सोडून यंत्र पुढे सरकलं. मुखरूभाऊंची नजर पडद्यावरच्या हिरव्या पट्टीवरून हलत नव्हती.

दुपारी नक्कल झाली. रंजीतानं तिच्यात शोध लावला आणि फायली दिसू लागल्या, एकीखाली एक.

"आल्या, भाऊ. पन नावं पुसली गेली. नुसते आकडे हायेत."

पहिली फाईल वाजलीच नाही. दुसरीत नुसती खरखर. तिसरीत हार्मोनियम वाजली आणि मुखरूभाऊ ताडकन उठले. गाणं अजून सुरूही झालं नव्हतं. त्यांचे ओठ भराभर हलले.

"पोंभुर्ण्याचं म्हनते," सुगंधाबाई म्हणाल्या.

मग आवाज आला. भरदार, जरासा खडबडीत, मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. झेरॉक्सला आलेले दोघे कागद हातात धरून तसेच उभे राहिले.

रंजीता फाईल लावी, मुखरूभाऊ दोन सुरांत ओळखत, सुगंधाबाई गाव सांगत, रंजीता नाव टाकी. आरमोरी. मूल. नवरगाव. मुखरूभाऊ पुन्हा बसून मांडीवर ताल धरत होते. अर्ध्याहून जास्त फायली मुक्या निघाल्या, पण वाजणाऱ्या एकेका गाण्यानं दुकानात नवा हुरूप येई.

एका फाईलमध्ये हार्मोनियम नव्हती. कोंबडा आरवला, भांडं वाजलं. मुखरूभाऊ घरी तालीम करत होते. अर्ध्यावर गाणं थांबलं, घसा खाकरला आणि तोच आवाज म्हणाला, "सुगंधा, चाय ठेव ना वं."

"ठेवतो," सुगंधाबाई म्हणाल्या आणि स्टुलावरून उठल्या.

त्यांनी पदर सारखा केला. मुखरूभाऊंकडे मात्र पाहिलं नाही. "उठलीच हावो तं समोरून आनतो," म्हणत त्या पायऱ्या उतरून टपरीकडे गेल्या.

फाईलमधले मुखरूभाऊ चहाची वाट पाहत गुणगुणत राहिले. स्टुलावरचे मुखरूभाऊ दाराकडे बघत होते.

"हे कुठचं लिहू, भाऊ?" रंजीतानं हळूच विचारलं.

या वेळी सांगायला सुगंधाबाई नव्हत्या. मुखरूभाऊंचे ओठ हलले. तिला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश. रंजीता त्यांच्या ओठांकडे नीट बघत राहिली आणि मग तिनं लिहिलं: घरचं.