काउंटरचा पासवर्ड

नवरदेव हाफपँटवर आला होता. तासाभरात त्याचं नोंदणी पद्धतीने लग्न होतं, सूट लॉन्ड्रीत होता आणि लॉन्ड्रीचा कॉम्प्युटर सकाळपासून कोणालाच आत घेत नव्हता.

काउंटरमागे छताच्या साखळीवर शेकडो कपडे लटकत होते, सगळे एकसारख्या राखाडी पिशव्यांत. पिशवीवर नाव नाही, फक्त बारकोड. कॉम्प्युटरला नाव सांगितलं की साखळी फिरायची आणि हवी ती पिशवी समोर येऊन थांबायची. कॉम्प्युटर नसेल तर एकेक पिशवी उघडायची.

"उघडू या की! मीही लावतो हात," नवरदेव म्हणाला.

"लोकांच्या धुतलेल्या कपड्यांना तुमचे हात लागू देऊ? दुकान बंद करायचंय का मला?" मालक म्हणाले.

मालकांची भाची एका कंपनीत डेटाबेस सांभाळायची आणि सुट्टीच्या दिवशी मामाचा फुकट सांभाळायची. सगळं दुकान 'काउंटर' या एकाच नावाने आत जायचं. पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. इस्त्रीवाला नोकरी सोडून समोरच्या लॉन्ड्रीत गेला, म्हणजे पासवर्डही तिकडे गेला. म्हणून तिने तो आज सकाळीच बदलला होता.

"पाच वेळा चुकला की खातं बंद पडतं, मामा. किती वेळा चुकलात?"

"एकदाही नाही! मी एकेक अक्षर बघून टाकतो."

ते खरं होतं. मामा एका बोटाने टाइप करायचे. भाचीने खातं उघडून दिलं. मामांनी चष्मा लावला, आठ अक्षरं टाकली, तोवर खातं पुन्हा बंद. मग तिने स्वतः भराभर टाकलं. आत गेली, पण सूट शोधताना प्रोग्रामने पासवर्ड पुन्हा तपासला, तोवर खातं परत बंद.

तिने चुकलेल्या प्रयत्नांची नोंद काढली. "कोणीतरी जुनाच पासवर्ड टाकतंय. सारखं. थांबतच नाही."

"इस्त्रीवाला!" मामा समोरच्या दुकानाकडे बघत म्हणाले. "खाल्ल्या मिठाला जागला नाही."

"त्याला कशाला नावं ठेवता? हे आपल्याच घरातलं आहे. वरचा, पॅकिंगचा कॉम्प्युटर."

मामा चष्मा पुसू लागले. वर पॅकिंगला मामी होत्या.

"मामींना नवा पासवर्ड सांगा म्हटलं होतं ना मी?"

"सांगणार होतो. पण आमचं बोलणं बंद आहे."

"कधीपासून?"

"रविवारपासून."

नवरदेवाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

या दुकानात शटर दुसऱ्या धक्क्याला उघडायचं, बॉयलर तिसऱ्याला पेटायचा आणि ड्रायरचं दार लाथेशिवाय लागायचं नाही. मामींनी कॉम्प्युटरलाही तोच न्याय लावला होता. भाची वर पोचली तेव्हा त्या एंटरचं बटण चटणी वाटल्यासारखं दाबत होत्या.

"मामी, थांबा! पासवर्ड बदललाय. नवा मी सांगते."

"तू नको सांगूस. ज्याने सांगायचा त्याने सांगावा."

"झालंय तरी काय?"

"एकाचा कोट दुसऱ्याला दिला तुझ्या मामांनी, पावती न बघता. कोटाचा मालक भांडायला आला तर म्हणाले, पॅकिंगवाल्यांनी अदलाबदल केली. पॅकिंगवाले म्हणजे कोण? मी एकटी!"

"मग नोंद दाखवायची ना त्यांना."

"दाखवली. नोंद म्हणते, काउंटरने दिला. काउंटर ते, काउंटर मी, काउंटर तो पळालेला इस्त्रीवालासुद्धा."

भाची खुर्ची ओढून बसली. जे काम वर्षभरापूर्वी करायला हवं होतं ते तिने आता केलं. मामींच्या नावाचं वेगळं खातं काढलं.

"हा पासवर्ड फक्त तुमचा. मामांना कळणार नाही."

"तुला?"

"मलाही नाही. टाका, मी तोंड फिरवते."

मामी बराच वेळ टाइप करत राहिल्या. खातं उघडलं. पडदा रिकामा.

"बघ! घरात घेतलं, पण कपाटांना कुलपं. लग्न होऊन आले तेव्हाही अस्संच होतं."

भाची जिन्यातून ओरडली, "मामा, मामींना काय काय बघू द्यायचं?"

खालून नवरदेवाचा आवाज आला, "सगळं! काका, सगळं म्हणा ना!"

"दे सगळं," मामा म्हणाले.

मामींनी जुना नाद सोडताच खालचं खातं सुरळीत झालं. सूट सापडला. कॉम्प्युटरने पावतीचा नंबर विचारला.

"पावती भावाकडे आहे," नवरदेव म्हणाला. "भाऊ तिकडे कचेरीत. फोन उचलत नाही."

"राहू दे, ओळखतो मी तुम्हाला," म्हणत मामांनी 'पावतीशिवाय द्या' दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, अधिकार नाही.

"तो मी सकाळीच काढून घेतला," भाची जिना उतरत म्हणाली. "दहा जण एका नावाने आत जातात, मग कोणी काय दिलं ते कसं कळणार?"

"मग आता कोणाला आहे अधिकार?"

"आत्ताच तुम्ही ज्यांना सगळं दिलंत त्यांना."

मामा जिन्याच्या पायथ्याशी गेले. घसा खाकरला. वर न बघता म्हणाले, "एक सूट द्यायचाय. पावती नाही."

वरून प्रश्न आला, "रविवारी चूक कोणाची होती?"

"काका, सांगून टाका हो," नवरदेव कळवळून म्हणाला. "ती तिकडे उभी असेल."

"काउंटरची," मामा म्हणाले.

"काउंटर म्हणजे कोण?"

मामांनी भाचीकडे पाहिलं. भाची पडद्यावर काहीतरी वाचत होती.

"मी," मामा म्हणाले.

वर बटण दाबल्याचा आवाज झाला आणि साखळी फिरू लागली.