भिंतीपलीकडची मुंगी

मुंगीचा बाबा दिवसा झोपायचा. त्याचं काम बेकरीत, भट्टीपाशी. सगळं शहर गाढ झोपलेलं असताना तो पावाचे गोळे मळायचा, आणि लोक दात घासत असताना कोपरापर्यंत पांढरा होऊन घरी यायचा. अंघोळ उरकली की आतल्या खोलीत पडदे ओढून आडवा व्हायचा.

भिंतीपलीकडच्या खोलीत मुंगीचा दिवस तेव्हा सुरू झालेला असायचा. जमिनीवर जे दिसेल ते, दोरा, बटण, पावाचा चुरा, चिमटीत उचलून ती तोंडात घालायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं. तिची पावलं, डब्याच्या झाकणावर आपटलेला चमचा, स्वतःशीच चाललेली न कळणारी बडबड, हे सगळं भिंतीतून झिरपत त्याच्या झोपेत उतरायचं. झोपेत त्या आवाजांचं काहीही व्हायचं. चमच्याची टणटण म्हणजे दूरवरून येणारी होडी असायची, आणि होडीतलं कुणीतरी त्याला एका अनोळखी भाषेत हवापाण्याच्या गोष्टी सांगत असायचं. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय, असं त्याला वाटायचं.

मुंगीची आई पडदे शिवायच्या कारखान्यात होती. मुंगी झाल्यापासून ती घरी बसली होती. आता मुंगी दोन वर्षांची होत आली, आणि कारखान्याच्या मालकिणीने निरोप पाठवला की पुढच्या महिन्यात यायचं असेल तर ये, नाहीतर तुझं मशीन दुसरीला देते. आईला जायचं होतं. लांबच लांब कापड मशीनखालून सरकत जाताना पाहायची तिला ओढ लागली होती.

मग प्रश्न आला मुंगीचा. घरी येऊन सांभाळणाऱ्या मावशी ठेवायच्या, की पाळणाघरात घालायचं? मतं द्यायला माणसं कमी नव्हती. बाबाच्या ताईने फोनवर पाळणाघराला नाक मुरडलं. शेजारणीने मावशी ठेवण्याला मुरडलं. आईचा कल पाळणाघराकडे होता. मुंगीला चार पोरं दिसली पाहिजेत, ती दिवसभर भिंतींशी बोलते, असं तिचं म्हणणं. बाबा मात्र मावशींवर अडून बसला. पाळणाघरात सर्दी-खोकला होतो, पोरं एकमेकांना चावतात, घरचं ते घरचं, अशी एकेक कारणं तो काढत राहिला. आई प्रत्येक कारणाला उत्तर द्यायची आणि तो लगेच नवं कारण हजर करायचा. शेवटी दोन्ही करून बघायचं ठरलं.

आधी मावशी आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, हातात कायम काहीतरी घडी घालायला घेतलेलं. मुंगी पहिल्या दिवशी दाराआड लपली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीवर झोपली. बाबाला तर हवं तेच मिळालं. भिंतीपलीकडे मुंगीच्या बडबडीला आता मावशींच्या हलक्या आवाजाची साथ होती, आणि त्याच्या स्वप्नातल्या होडीत दोघी बसल्या होत्या. मावशींनी घराला जीव लावला. खोट काढायची म्हटली तरी सापडत नव्हती.

मग पाळणाघराची पाळी आली. तिथे नियम असा, की पहिले काही दिवस घरचं कुणीतरी कोपऱ्यात बसून राहायचं. आईला कारखान्यातून बोलावणं आलं होतं, त्यामुळे बाबालाच जावं लागलं. बेकरीतून आला, तोंडावर पाणी मारलं आणि मुंगीला कडेवर घेऊन निघाला. डोळ्यांत झोप मावत नव्हती.

पाळणाघर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. बेसिनं गुडघ्याएवढ्या उंचीवर. भिंतीला खुंट्यांची रांग, आणि प्रत्येक खुंटीवर नावाऐवजी चित्र: पान, किटली, होडी. मुंगीच्या वाट्याला छत्री आली. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. काकूंनी त्याला एक चिमुकली खुर्ची दिली. तो बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला टेकले आणि दोन पोरं खेळ सोडून त्याच्याकडे बघत उभी राहिली. मुंगीने सकाळभर त्याच्या पँटची शिवण सोडली नाही. त्याला आत कुठेतरी बरं वाटत होतं. बघ, इथे नाही रमत ती, असं आईला सांगायची वाक्यं तो मनात जुळवत होता.

जेवणं झाल्यावर काकूंनी निळे पडदे ओढले. खोलीत पाण्याखाली असावा तसा उजेड झाला. पोरं आपापल्या गादीवर पडली, मुंगी त्याच्या पायाशी. कुणी कुरकुरलं, कुणी अंगठा तोंडात घातला, आणि हळूहळू सगळ्यांचे श्वास एका लयीत आले. तो श्वास त्याच्या ओळखीचा होता. भट्टीजवळ ओल्या फडक्याखाली पिठाचे गोळे फुगत असतात, तेव्हा कान लावला तर असंच काहीतरी ऐकू येतं. तो खुर्चीवरून घसरून कधी जमिनीवर आला, त्याला कळलं नाही. त्याला दिसलं की तो एका मोठ्या निळ्या बेकरीत आहे, ट्रेवर सगळी पोरं ओळीने निजली आहेत आणि ती हलकेच फुगत, वर उचलली जात छताला टेकतायत. त्याला कसलीच घाई नव्हती. भट्टी बंद होती.

जाग आली तेव्हा पडदे उघडलेले होते. अंगावर बदकांची चादर होती, ती जेमतेम त्याच्या छातीपुरती. गाद्या उचललेल्या. फक्त एक चार वर्षांची मुलगी त्याच्या उशाशी बसून त्याला न्याहाळत होती.

"रडायचं नाही हं," ती म्हणाली. "तुझी आई येते. सगळ्यांच्या येतात."

"बरं," तो म्हणाला.

त्याने मान वळवून पाहिलं. मुंगी बेसिनपाशी होती. तीन पोरींमध्ये उभी राहून, बाह्या ओल्या करून, ती एका बाहुलीचे पाय धुवत होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, तो आहे याची खात्री केली, आणि पुन्हा कामाला लागली. काकू म्हणाल्या, ती केव्हाच उठली, तुमच्या नाकाला हात लावून पाहिला आणि गेली. बाबाच्या काळजात काहीतरी लकाकलं आणि त्याच क्षणी दुखलंही.

संध्याकाळी आई परस्पर तिथेच आली. कपड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. तिघं चालत निघाली, मुंगी बाबाच्या खांद्यावर. रस्त्यावर ऊन कललं होतं, दुकानांच्या काचा पिवळ्या झाल्या होत्या.

"मला मावशी का हव्यात, माहीत आहे?" तो म्हणाला.

"सर्दीमुळे."

"नाही गं. मी झोपतो तेव्हा मला ती ऐकू येते, भिंतीतून. तिच्या आवाजावरच झोपतो मी. ती दिवसभर बाहेर गेली, तर घरात मी एकटा."

आई चालता चालता थांबली. इतके दिवस ती ज्याच्याशी वाद घालत होती, तो मुद्दा हा नव्हताच. ती म्हणाली, मग मावशींना हो म्हणू या, मला चालेल. आणि ती ते मनापासून म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "ते माझ्या झोपेसाठी होईल. तिचं काय त्यात? आज तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा बाहुलीचे पाय धुवायला लागली."

मावशींना सांगायचं काम त्याने स्वतःवर घेतलं. पाळणाघराच्या दिवसापुरती त्यांना सुट्टी दिलेली होती. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, मुंगीला खेळवलं, भरवलं, निजवलं, तरी त्याचं तोंड उघडेना. शेवटी त्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या तेव्हा त्याने सांगितलं. तुमच्यात काही कमी नव्हतं, हेही सांगितलं. पण ते सांगून काही हलकं झालं नाही.

मावशींनी हातातल्या झबल्याची घडी पूर्ण केली. "म्हणजे उद्यापासून नको."

"नको, मावशी."

"बरं. पण दादा, तिला आत्ताच डोळा लागलाय. उठेपर्यंत थांबते. उठल्यावर मी दिसले नाही तर शोधत बसेल."

त्या थांबल्या. तो आत जाऊन पडला, पण झोपला नाही. मुंगी उठल्याचं, मावशींनी तिचे केस विंचरल्याचं, काहीतरी पुटपुटल्याचं त्याला ऐकू आलं. मग दार वाजलं. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज अर्ध्यावर थांबला, थोडा वेळ थांबलेलाच राहिला, आणि मग खाली गेला.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. मुंगी पाळणाघराच्या दारात त्याची कॉलर धरून रडायची. काकू बोटं सोडवून घ्यायच्या, आणि तो कोपऱ्यावर वळून भिंतीला टेकून उभा राहायचा. आई मशीनवर बसली की तिचा हात मध्येच थांबायचा. पण संध्याकाळी घरी आली की ती कापडांबद्दल बोलायची, कुठल्याशा नाट्यगृहाच्या जाडजूड पडद्याबद्दल, आणि तिचा चेहरा उजळलेला असायचा. घर मात्र दिवसा मुकं झालं. बाबाला नळाचं टिपटिप ऐकू यायचं, वरच्या मजल्यावरची खुर्ची ऐकू यायची. कूस बदलून बदलून थकायचा. एकदा तर उशी घेऊन तो मुंगीच्या खेळण्यांत जाऊन पडला. मग अशीच कधीतरी, पाऊलही न वाजवता, झोप परत आली. तिच्यात आता स्वप्नं फारशी नव्हती, पण ती पुरायची.

मुंगीला आणायला रोज तोच जायचा. एका दुपारी तो गेला तेव्हा ती अंगणात वाळू भरलेली वाटी दोन्ही हातांनी धरून चालली होती. वाटी खाली ठेवायला ती तयार होईना. काकू म्हणाल्या, नेऊ द्या, उद्या आणा परत. तेव्हा ती वाटीसकट निघाली. बाबा सवयीने लांब ढांगा टाकू लागला.

"हळू," मुंगी म्हणाली.

त्याने चमकून खाली पाहिलं. हा शब्द तिला घरी कुणी शिकवला नव्हता. तो कुणाचा, काकूंचा, की बेसिनपाशी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या कुण्या पोरीचा, ते त्याला कधीच कळणार नव्हतं. मुंगीची नजर वाटीवर खिळलेली होती. जीभ किंचित बाहेर आली होती.

"बाबा, हळू."

त्याने पावलं आखडती घेतली. मागून येणारे लोक त्यांना वळसा घालून पुढे जात राहिले.