तीन हाका

त्या डोंगराला नाव नव्हतं, लष्कराच्या नकाशावर नुसता आकडा होता. आकड्यासाठी माणसं मरत होती, आता काय बोलायचं! रोज सकाळी लष्कराचा हमाल इनबो मेंग पाठीला ओझ्याची लाकडी चौकट बांधून तो डोंगर चढायचा. जाताना काडतुसांच्या पेट्या आणि जवाच्या भाताचे मुटके, उतरताना जखमी नाहीतर मेलेली माणसं. वर्षभर हेच. गडी पंचेचाळिशीचा, गुडघे मात्र सत्तरीचे झालेले.

वरच्या खंदकात त्याचा धाकटा भाऊ होता, सोंगबो. निघताना आईनं इनबोला बजावलं होतं, "त्याला घेऊन ये. एकटा आलास तर मी दार उघडायची नाही." आणि म्हातारी शब्दाची पक्की होती.

त्या दिवशी इनबोच्या काखेत सोंगबोचं जुनं जाकीट होतं. आईनं नवा कापूस भरून धाडलेलं. थंडी तोंडावर आलेली. पण धुकं असं, की पुढच्याची चौकटसुद्धा दिसेना. मुकादम म्हणाला, "आज या खडकापर्यंतच. पुढं गेलात तर आपलेच लोक गोळी घालतील."

इनबोला राहवलं नाही. खडकावर चढला, डोंगराकडं, म्हणजे उत्तरेला तोंड केलं, जाकीट फडकवलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "सोंगबो, ये! सोंगबो, ये! सोंगबो, ये!"

मागच्या हमालांतून त्याच्याच गावचा म्हातारा प्यो काठी टाकून पुढं आला.

"अरे मूर्खा, हे काय केलंस?"

"जाकीट द्यायचंय त्याला."

"अंगातलं कापड हातात, तोंड उत्तरेला, आणि तीन हाका. कुणाला बोलावतात असं?"

इनबोनं जाकीट झटकन खाली घेतलं. बाप गेला तेव्हा त्याचा जीव परत बोलवायला छपरावर चढून त्यानंच तर अशा हाका मारल्या होत्या.

"मग चौथी मारतो," तो पुटपुटला.

"चार आणि मरण, आपल्या बोलीत उच्चार एकच. गप बस आता."

तेवढ्यात वर तोफेचा गोळा फुटला. एकच. मग पुन्हा सगळं शांत झालं.

दुपारी धुकं विरलं आणि जखमी आणायला हमालांना वर धाडलं. सोंगबो खंदकाच्या बाहेर पडला होता, पोटाला पट्टी बांधलेली. इनबोनं त्याला जाकीट घातलं आणि चौकटीवर पाठीला पाठ लावून बसवलं. उतरताना सोंगबो हळूहळू बोलत होता.

"दादा, सकाळी तूच हाक मारलीस ना?"

इनबो पायाखालचे दगड बघत राहिला.

"डुलकी लागली होती रे. वाटलं, घरीच आहे. तीनदा ऐकू आलं, म्हणून ओ द्यायला बाहेर आलो."

"बोलू नकोस. दम लागेल."

"जाकीट ऊबदार आहे," सोंगबो म्हणाला. मग तो काही बोलला नाही. खडकाशी पोचेपर्यंत इनबोला कळून चुकलं होतं, तरी तो पावलं जपूनच टाकत होता.

प्योनं सोंगबोला खाली निजवलं, अंगातलं जाकीट काढलं आणि इनबोपुढं धरलं.

"चल, मार हाक. आता मारायलाच हवी. नाहीतर जीव इथंच डोंगरावर भटकेल."

इनबोनं जाकिटाला हात लावला नाही.

"मारून झालीय, काका," तो म्हणाला. "आलाय तो."