खालच्या घराला दिसावं म्हणून

"आता उजवं बटण दाबायचं," कवळीकाका स्वतःलाच बजावत होते. "दाबलं. आता 'नाव बदला'."

"कुणाचं नाव बदलताय?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुणाचं नाही. तू तुझं काम कर."

काकू पोळ्या लाटत राहिल्या. 'तू तुझं काम कर' असं नवरा म्हणाला की तो काहीतरी बिघडवत असतो आणि पुरतं बिघडलं की आपणहून हाक मारतो, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

कवळीकाका हे नाव त्यांना धंद्यामुळे पडलं होतं. मागच्या खोलीत बसून ते दातांच्या कवळ्या करत. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे येत, त्यांवर ते मेण चढवत, एकेक दात बसवत, घासूनपुसून परत पाठवत. आसपासचे निम्मे म्हातारे त्यांच्या दातांनी हसत आणि त्यांच्याच दातांनी सुनांना बोलत. खुद्द काकांच्या तोंडाला मात्र कुलूप. बोलायचं ते वेळेवर बोलायचं नाही आणि बोलू नये ते नेमकं बोलून बसायचं, असा हा माणूस.

तसंच एक वाक्य त्यांनी दोन वर्षांपूर्वी जिन्यात उभं राहून धाकट्या भावाला ऐकवलं होतं. धाकटा खालच्या मजल्यावर राहायचा आणि लांब पल्ल्याची बस चालवायचा. आई एकाएकी आजारी पडली तेव्हा तो बस घेऊन घाटात होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करावं लागेल. नर्सने आईच्या तोंडातली वरची-खालची कवळी काढून काकांच्या हातात दिली. ती त्यांनीच केलेली होती. त्यांनी सही केली, पण धाकट्याला फोन केला नाही. घाटाचा रस्ता, गाडीत एवढी माणसं, उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला? आई ऑपरेशनमधून उठलीच नाही.

"मला का कळवलं नाहीस?" धाकट्याने आल्या आल्या विचारलं होतं. काका दमले होते, आतून हादरले होते. तोंडातून निघून गेलं, "कळवून तू काय दिवे लावणार होतास?"

त्या दिवसापासून दोघांत बोलणं नव्हतं. जावांचं मात्र छान चाललं होतं. वाट्या खाली जात, भरून वर येत. भांडणाचं खातं त्यांनी नवऱ्यांकडे सोपवून टाकलं होतं. त्याच वाट्यांबरोबर एक दिवस बातमी वर आली. धाकट्याचे गुडघे गेले, नोकरी सुटली, आता तो बिऱ्हाड घेऊन मुलाकडे राहायला चालला. रविवारी ट्रक येणार.

तेव्हापासून काका दिवसातून दहादा जिन्यापर्यंत जाऊन परत येत. एकदा ट्रक गेला की हा जिना उतरूनही उपयोग नाही, हे त्यांना कळत होतं. खाली जावं, बेल वाजवावी, एवढंच तर काम. पण पहिल्या पायरीवर पाय ठेवला की ते दिव्यांचं वाक्य आठवे. आणि त्याने दार उघडलं, पाहिलं आणि तोंडावर लावून घेतलं तर?

अशातच कम्प्युटरचं इंटरनेट रुसलं. काका इकडे दाब, तिकडे दाब करत असताना एक यादी उघडली. आसपासच्या घरांतल्या वायरलेसची नावं त्यात ओळीने होती. 'फुकट्यांनो, पुढे व्हा' असं एक. 'सुखी परिवार' असं दुसरं. त्या परिवाराची भांडणं अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होती. सगळ्यात वर कंपनीचं नाव आणि आकड्यांची लांबलचक माळ होती, ती कुणाची कोण जाणे. आणि मधोमध, 'खालचं घर'. ते धाकट्याचं.

काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याला त्याचं नाव दिसतंय, म्हणजे त्याला आपलं दिसत असणार. रोज संध्याकाळी तो कम्प्युटरसमोर बसतो, हे काकूंच्या जावेकडून कळलेलंच होतं. जिना उतरायला नको, तोंड दाखवायला नको, शब्द मात्र पोचतील.

आपलं नाव कुठे असतं ते त्यांनी चिकाटीने शोधून काढलं. 'वायरलेस नेटवर्क कनेक्शन २', असं ते होतं. दोन का, आणि एक नंबर कुठे तोंड लपवून बसलाय, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि सोडून दिला. मग एकेक अक्षर शोधत नवं नाव लिहिलं. झोपलास का.

लहानपणी दोघे एका अंथरुणावर झोपत. दिवसभर एकमेकांना बुकलून काढायचं आणि रात्री पाठीला पाठ लावून पडायचं. ज्याला आधी राहवणार नाही, त्याने अंधारात विचारायचं, "झोपलास का?" दुसऱ्याने म्हणायचं, "हो." की भांडण मिटलं. माफीबिफी मागायची रीत त्यांच्यात नव्हती आणि झोपलेला माणूस 'हो' कसा म्हणतो, हेही कधी कुणी विचारलं नाही.

आता काका वाट बघू लागले. एक साचा झाला की प्लास्टरचे हात झाडत उठायचे आणि यादी उघडायची. कधीतरी 'खालचं घर' जाऊन तिथे 'हो' दिसेल. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. खालच्या घरातून खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा चर्र चर्र आवाज वर येत राहिला. शनिवारी काकांनी एका म्हातारीच्या कवळीत पुढचा दात उलटा बसवला, आणि तो काढताना त्यांच्या लक्षात आलं की आपले डोळे भरलेत.

त्याने पाहिलंय, ते मनाशी म्हणाले. पाहून गप्प बसलाय. त्याचंही बरोबरच आहे.

रविवारी सकाळी ट्रक दारात लागला. काकू पदर खोचून मदतीला निघाल्या.

"येताय?"

"माझं तिथे काय काम?"

काकू खाली गेल्या. तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती लग्न होऊन दूर राहायची.

"बाबा, काका आज निघणार ना? बोललात का त्यांच्याशी?"

"मी विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही."

"तुम्ही विचारलंत? कसं काय?"

काकांनी आढेवेढे घेत सगळं सांगितलं. यादी, उजवं बटण, नाव बदला. ऐकता ऐकता मुलगी आधी हसली, मग हसायची थांबली.

"बाबा, ते नाव फक्त आपल्या कम्प्युटरवर बदललं. कनेक्शनचं आहे ते, आपल्या एकट्याच्या सोयीचं. बाहेर कुणालाच दिसत नाही."

"मग यादीत आपलं नाव कुठंय?"

"सगळ्यात वर. ती आकड्यांची माळ आहे ना, तीच आपली. काकांना तेवढीच दिसतेय."

काका खुर्चीत बसून राहिले. तीन दिवस ज्या नकाराने त्यांचं काळीज पोखरलं होतं, तो नकार कुणी दिलाच नव्हता. त्यांनी आपल्याच घरात, आपल्यालाच विचारलं होतं, झोपलास का?

"बाबा? ऐकताय ना?"

"ठेव फोन," काका म्हणाले. "ट्रक जाईल."

पायात एक चप्पल त्यांची आणि एक काकूंची होती. तसेच ते जिना उतरले. खालचं दार सताड उघडं होतं. दोन्ही जावा बाहेर हमालांना कपाट तिरकं धरायला शिकवत होत्या. आतल्या खोलीत सामान उरलं नव्हतं. उघड्या फरशीवर धाकटा उताणा पडला होता, गुडघे उभे करून, डोळ्यांवर हात आडवा घेऊन. केस किती पांढरे झालेत याचे, काकांना वाटलं. तो एवढा म्हातारा झाला तेव्हा ते वरच होते.

बोलायचं बरंच ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"झोपलास का?" काकांनी विचारलं.

धाकट्याने हात हलवला नाही. बाहेर हमाल एकमेकांवर ओरडत होते. काका चपलांच्या विजोड जोडीकडे बघत दाराकडे वळले.

"हो," मागून आवाज आला.

काका परत फिरले आणि भिंतीला टेकून भावाशेजारी खाली बसले. माझं चुकलं, असं ते म्हणाले, की नुसते ओठ हलले, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. धाकट्याने मात्र मान हलवली.

"मला घाटात फोन आला असता तर मी गाडी दरीत घातली असती, दादा," तो म्हणाला. "ठाऊक होतं मला. तरी राग जात नव्हता."

"जाऊ दे आता."

"आईचे दात कुठंयत?"

"माझ्याकडेच आहेत. डबीत."

"एक मला दे."

"एक दात?"

"एक कवळी रे! खालची मला दे, वरची तू ठेव." आणि धाकटा हसायला लागला. मग हातानं डोळे पुसत तो तसाच हसत राहिला. काकाही हसले, आणि त्यांचं हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं, ते दारात आलेल्या दोघी जावांनाही सांगता आलं नसतं.

ट्रक गेला. मागोमाग गाडीत बसून धाकटा गेला. रुमालात गुंडाळलेली खालची कवळी त्याच्या खिशात होती.

संध्याकाळी मुलीने पुन्हा फोन केला. "बाबा, ते कनेक्शनचं नाव पहिल्यासारखं करायचं का? मी सांगते कसं ते."

काकांनी यादी उघडली. सुखी परिवार होता, फुकटे होते, आकड्यांची माळ होती. 'खालचं घर' नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "आपल्यालाच दिसतं ना? राहू दे."